घड्याळ लावून खा: मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी खाद्यभ्रमंती

मुंबईत कुठे खायचं याची यादी कुणीही देतं. नवखा माणूस ती यादी घेऊन रविवारी दुपारी चार वाजता बाहेर पडतो. निम्म्या ठिकाणी शटर खाली असतं, उरलेल्या ठिकाणी तासाभराचं वेटिंग. या शहरात प्रत्येक समाजाच्या स्वयंपाकाची वेळ ठरलेली आहे, बऱ्याचदा वार आणि महिनाही. इडली सकाळची, पारशांचं डाळ-मटणाचं धानसाक दुपारचं, बोहरी मोहल्ल्यातल्या शिगा (सीख कबाब) रात्रीच्या, उंधियू थंडीतलं. म्हणून आधी वेळ ठरवा, मग भाग, मग दुकान. पदार्थ सगळ्यात शेवटी.

निघण्यापूर्वी

चार जण जमवा. चौघांत एक प्लेट घेतली की प्रत्येकाला तीन-चार घास मिळतात आणि चव कळायला तेवढे पुरतात. एकटं गेलात तर दुसऱ्या दुकानातच पोट भरतं. आठ जण झालात तर जुन्या हॉटेलांत एकत्र टेबल मिळत नाही, आणि दारातच अर्धा तास जातो.

एका फेरीत एकच भाग घ्या आणि त्यात जास्तीत जास्त पाच थांबे. दोन थांब्यांच्या मध्ये वीस ते तीस मिनिटं जायला हवीत. दुकानं पाच-सात मिनिटांच्या अंतरावरची निवडा आणि वाटेत फुलबाजार, देऊळ, जुन्या इमारती बघत जा. माटुंगा सकाळी आणि महंमद अली रोड रात्री असं एकाच दिवशी करता येतं, पण मधलं जेवण सोडावं लागतं. ते बहुतेकांना जमत नाही.

गल्लीबोळातल्या फेरीला माणशी ₹३०० ते ₹५०० काढून ठेवा, त्यातले निम्मे तरी दहा, वीस, पन्नासच्या सुट्या नोटांत. यूपीआय बहुतेक ठिकाणी चालतं, पण रमजानच्या रात्री किंवा जत्रेच्या मैदानात गर्दीमुळे नेटवर्क बसतं आणि नेमकं गल्ल्यासमोर उभं राहिल्यावर पैसे अडकतात. सोबत पाण्याची बाटली, हात पुसायला कागद आणि एक रिकामा डबा असू द्या. उरलेलं त्यात घ्या, टाकू नका.

गटात शाकाहारी कोण, अंडं कोणाला चालत नाही, शेंगदाणा, काजू किंवा तिळाची ॲलर्जी कोणाला आहे, हे घरीच बोलून घ्या. मुंबईत अंडं अनपेक्षित जागी भेटतं: इराण्याचा मावा केक, पारशी लगन कस्टर्ड, महंमद अली रोडचा मालपुवा. मराठी आणि गुजराती भाज्यांत दाण्याचं कूट असतं आणि मुघलाई रश्शात काजूची पेस्ट. पाटीवर यातलं काही लिहिलेलं नसतं. विचारलं की सांगतात.

सकाळ: माटुंगा

पहिली फेरी इथेच करा. चालायला सोपं, स्वच्छ, आणि बिघडलं तरी फार बिघडत नाही. एक घोळ मात्र हमखास होतो. पश्चिम रेल्वेचं माटुंगा रोड आणि मध्य रेल्वेचं माटुंगा ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. तुम्हाला मध्य रेल्वेचं, पूर्वेला उतरायचं आहे. चुकून माटुंगा रोडला उतरलात तर झेड ब्रिजवरून चालत पलीकडे या. हार्बरवाल्यांना किंग्ज सर्कल जवळ.

इथली बरीच जुनी हॉटेलं सोमवारी बंद असतात. रविवारी नऊनंतर रांग लागते. मंगळवार ते शुक्रवार सकाळी साडेसात-आठ ही खरी वेळ: भट्टी तापलेली, चटणी नुकती वाटलेली, आणि वाढप्याला दोन शब्द बोलायला सवड. कॅफे मद्रास आणि राम आश्रय ही दोन नावं तुम्हाला सगळेच सांगतील आणि ती योग्यच आहेत. दारातल्या माणसाकडे नाव आणि माणसं किती ते सांगा. दोन-दोनचे गट सांगितले तर लवकर नंबर लागतो. अनोळखी माणसांसोबत टेबल वाटून घेणं इथे अगदी सहज आहे.

मागवण्याचा क्रम असा ठेवा. आधी वाफवलेलं, मग तव्यावरचं, मग तळलेलं, मग गोड, शेवटी कॉफी. तळलेल्यापासून सुरुवात केली की जिभेवर तेलाचा थर बसतो आणि नंतरच्या इडलीतला आंबवणीचा हलका आंबटपणा कळतच नाही. चौघांसाठी एक इडली, एक नाचणीचा डोसा किंवा नीर डोसा, एक रसम वडा, एक अननसाचा शिरा आणि कॉफी वन बाय टू. एवढ्यावर उठा. इडलीबरोबर 'सांबार वेगळं' असं आधीच सांगा, नाहीतर बुडवून येते आणि इडलीची स्वतःची चव हरवते. मुंबईतल्या उडुपी हॉटेलांत सांबार बऱ्याचदा गोडसर असतं, कारण गूळ घालण्याची उडुपीकडची पद्धत. तमिळ सांबार त्याहून आंबट आणि झणझणीत. एकाच सकाळी दोन्ही चाखलीत तर 'साऊथ इंडियन' या एका नावाखाली किती स्वयंपाक दडलेत ते लगेच ध्यानात येतं. फणसाच्या पानांच्या द्रोणात वाफवलेली इडली, कोकणीत खोट्टो, कुठे दिसली तर सोडू नका. पानाचा वास इडलीत उतरलेला असतो, आणि तो गरम असतानाच येतो.

दुपारी जेवायला परत येणार असाल तर स्टेशनजवळ १९४२ पासून चालू असलेलं ए. रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. केळीच्या पानावर वाढतात. चव घ्यायला आलेल्यांनी मोजक्या पदार्थांचं जेवण घ्यावं, पोटभर वाढीचं नको. वाढपी येत राहतो, नको म्हणायला उशीर होतो, आणि पानावर टाकलेलं तिथे कुणालाच आवडत नाही. भात तीनदा घ्यायचा हे लक्षात ठेवून प्रत्येक वेळी थोडाच घ्या: आधी सांबाराबरोबर, मग रसमबरोबर, शेवटी दही किंवा ताकाबरोबर. जेवण झालं की पान आपल्याकडे दुमडायचं, म्हणजे वाढपी थांबतो.

इराणी आणि पारशी: दोन वेगळ्या गोष्टी

नवखे या दोघांना एकच समजतात. इराण्याकडे, म्हणजे चहा-बन मस्क्याच्या हॉटेलात, सकाळी जायचं, पारशी जेवणाला दुपारी.

धोबी तलावची कयानी आणि कंपनी १९०४ ची. ग्रँट रोड स्टेशनसमोरचं बी. मेरवान १९१४ चं. मेरवानचा मावा केक सकाळीच संपतो, दहा वाजता जाऊन हळहळण्यात अर्थ नाही. बन मस्का आणि ब्रून मस्का यांतला फरक आधी समजून घ्या. बन मऊ आणि किंचित गोड, ब्रून बाहेरून कडक, आत पोकळसर. ब्रून चहात बुडवायचा तो चहा वाफाळता असताना. दोन-तीन सेकंद धरायचा, मस्का वितळून चहावर तेलाचे बारीक थेंब तरंगले की लगेच तोंडात. चहा कोमट झाला की कवच भिजत नाही, नुसतं चिवट होतं. खिमा-पाव घ्यायचा तर चौघांत एकच. तो पोटभरीचा पदार्थ आहे.

पारशी जेवणासाठी बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया, १९२३ चं, मुख्यतः दुपारी चालतं. बेरी पुलाव हा त्यांचा ओळखीचा पदार्थ. त्यात वरून घातलेल्या आंबट लाल बेरी म्हणजे इराणातली झरिश्क. चौघांत एक पुलाव, एक सल्ली बोटी, एक धानसाक, शेवटी एक कॅरॅमल कस्टर्ड, बरोबर पालनजीचा रास्पबेरी सोडा. धानसाकबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. पारशी घरात मृत्यूनंतर चौथ्या दिवशी ते होतं, म्हणून लग्न, नवजोत (मुलांचा धर्मदीक्षेचा विधी), वाढदिवस अशा शुभ प्रसंगी करत नाहीत. एरवी ते रविवारच्या दुपारचं जेवण आहे. पारशी मित्राला वाढदिवसाची पार्टी द्यायची असेल तर पात्रानी मच्छी (केळीच्या पानात वाफवलेला मासा) सांगा.

मासे: एकच मासा, तीन घरं

दादर, गिरगाव, वांद्रे पूर्व या भागांत मालवणी आणि गोमंतक खानावळी आहेत. इथे थाळीच्या मागे लागलं की सगळं एकत्र होतं आणि काहीच लक्षात राहत नाही. त्याऐवजी एक मासा ठरवा, समजा बांगडा, आणि तो तीन वेगवेगळ्या ठिकाणी, जमल्यास तीन वेगवेगळ्या दिवशी, फक्त कालवण आणि भात एवढाच खा. मालवणी कालवणात भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण असतं, रस्सा गडद आणि दाट. सारस्वतांकडे ओलं खोबरं आणि सुकी मिरची कच्चीच वाटतात, बांगड्याला तिरफळं ठेचून घालतात. ती चावायची नसतात, बाजूला काढायची. आगरी-कोळी कालवणात खोबरं कमी किंवा नाहीच, मसाला तिखट, आंबटपणा चिंचेचा, आणि रस्सा पातळ. तिसऱ्या घरापर्यंत पोचलात की पुढे कुठल्याही खानावळीत पहिल्या घासाला ओळखता येईल, मालकाचं गाव कुठलं.

वेळेचं म्हणाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत पंधरा प्रकारचे 'ताजे' मासे फळ्यावर दिसले तर ते बर्फातले किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेले. तेव्हा सुक्याकडे वळा: सोड्याची (सुक्या कोळंबीची) खिचडी, सुका जवळा, सुक्या बोंबलाचं कालवण. पावसाळ्यात हाच खरा स्वयंपाक आहे आणि तो एरवी फळ्यावर येत नाही. गटारीच्या आठवड्यात मटण-मासळीच्या खानावळींत पाय ठेवायला जागा नसते. श्रावण लागला की त्याच खानावळी निवांत होतात. मासळी थाळीचा भाव रोज बदलतो, फळ्यावर भाव नसेल तर बसण्याआधी विचारा.

रात्र: भेंडी बाजार आणि महंमद अली रोड

इथे रात्री आठच्या आत पोचू नका. मस्जिद किंवा सँडहर्स्ट रोड स्टेशनवर उतरा आणि चालत जा. टॅक्सी जे. जे. उड्डाणपुलाखाली अडकते.

मांस खाणाऱ्यांनी दोन शब्द शिकून जावेत. 'छोटे का' म्हणजे मटण, 'बडे का' म्हणजे म्हशीचं. शिगा, निहारी, बारा हंडी यांत बऱ्याच ठिकाणी बडं असतं आणि मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. लाजू नका, सरळ विचारा, लोक नीट उत्तर देतात. बारा हंडीत पाया, नळी, शेपटी, सुकं असे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या हंड्यांत तासन् तास मंद आचेवर शिजतात. वाढताना दोन-तीन हंड्यांतलं मिसळून मागता येतं. पहिल्यांदा पाया आणि सुकं मिसळून घ्या, वर लिंबू, बरोबर खमिरी रोटी. नुसता पाया नवख्याला चिकट वाटतो. ते चिकट म्हणजे हाडातून सुटलेलं जिलेटिन. थंड झालं की ओठाला ओठ चिकटतो, म्हणून गरमच संपवा. शेवट ताज आइस्क्रीमच्या हाताने फिरवलेल्या फळांच्या आइस्क्रीमवर करा. दुकान १८८७ पासूनचं आहे. भेंडी बाजाराचं पुनर्बांधकाम मोठ्या प्रमाणावर चालू असल्याने काही दुकानं हलली आहेत, तेव्हा जुन्या पत्त्यावर विसंबू नका, निघण्याआधी फोन करा.

रमजानचं गणित निराळं. चांद्र वर्षामुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. घरातल्या कालनिर्णयमध्ये तारीख बघा, चंद्रदर्शनाप्रमाणे एक दिवस इकडेतिकडे धरा. पहिल्या दहा दिवसांत, सोमवार ते गुरुवार, रात्री साडेनऊनंतर जा. शेवटच्या दहा दिवसांत ईदच्या खरेदीची गर्दी त्यात मिसळते आणि मिनारा मशिदीच्या गल्लीत पुढचा माणूस सरकेल तेव्हाच आपण सरकतो. इफ्तारच्या नेमक्या वेळी गल्ल्याशी हुज्जत घालू नका. दिवसभराचे उपाशी लोक रोजा सोडत असतात, त्यांना आधी खाऊ द्या. मालपुवा डोळ्यांसमोर तळून घ्या, वर मलई, आणि चौघांत एकच. त्याच्या आकाराला आणि तुपाला कमी लेखणाऱ्याला पुढे काही खाता येत नाही. फिरनी मातीच्या वाटीतली घ्या. माती पाणी शोषते आणि फिरनी घट्ट होते, प्लॅस्टिकच्या वाटीत तसं होत नाही.

बोहरी घरगुती जेवण मात्र रस्त्यावर मिळत नाही. ते काही घरांत आगाऊ नोंदणी करून मिळतं. सात-आठ जण एका मोठ्या थाळाभोवती बसतात, चिमूटभर मिठाने सुरुवात, मिठानेच शेवट, आणि मध्ये गोड आणि तिखट आलटून पालटून. आपल्यासमोरच्या भागातूनच खायचं. अशा घरगुती जेवणावळींचे पैसे आधी भरावे लागतात आणि पत्ता बहुतेकदा पैसे भरल्यावर मिळतो. किती दिवस आधी रद्द केलं तर पैसे परत, हे लेखी विचारून घ्या. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) आणि पाठारे प्रभू स्वयंपाकही असाच: वालाचं बिरडं, निनावं, भुजणं हॉटेलांत विरळा, घरगुती जेवणावळींत आणि त्या त्या समाजाच्या मेळाव्यांत सहज.

महालक्ष्मी सरस आणि जत्रा

राज्यभरातल्या महिला बचतगटांचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन बहुतेकदा हिवाळ्यात, वांद्र्याच्या एमएमआरडीए मैदानावर भरतं. पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा असते. मुंबईत राहून महाराष्ट्र खायचा असेल तर सरसपेक्षा चांगली जागा नाही, कारण इथे चुलीमागे बसलेली बाई त्याच जिल्ह्यातून आलेली असते.

पहिली फेरी रिकाम्या हाताने मारा. सगळे गाळे बघा, कुठे गरम चाललंय आणि कुठे सकाळचं करून ठेवलंय ते टिपा. दुसऱ्या फेरीत मागवा. खापरावरचे मांडे होताना बघायला उभे राहाच: बाई पुरण भरलेला कणकेचा गोळा हातांवरच फिरवत फिरवत कोपरापर्यंत ताणते आणि उलट्या खापरावर अलगद सोडते. तो तिथेच उभ्याने खायचा, घरी नेला की मऊ पडून फाटतो. नागपूरकडचा सावजी रस्सा पहिल्यांदाच खात असाल तर ज्वारीच्या भाकरीबरोबर घ्या आणि आधी फक्त भाकरीचा तुकडा वरच्या तर्रीत बुडवून बघा, मग वाटी संपवायची की नाही ते ठरवा. शेवटच्या दिवशी माल संपलेला असतो. कूपन पद्धत असेल तर उरलेल्या कूपनांचे पैसे परत मिळतात का, ते खिडकीवर आधीच विचारा, आणि दोनशेचीच घ्या, पाचशेची नको.

हॉटेलांच्या सवलती

सवलतींचे चार प्रकार असतात आणि चारही वेगळे वागतात.

ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या पदार्थांचं तीन टप्प्यांचं जेवण ठरलेल्या भावात, हा पहिला. महागड्या हॉटेलात पहिल्यांदा जायला उत्तम. दुपारचा भाव रात्रीपेक्षा कमी असतो. मेनू आधी मागवा आणि त्यातले पदार्थ त्यांच्या रोजच्या मेनूत आहेत का ते ताडून बघा. एकही नसेल तर तो आठवड्यापुरता केलेला स्वस्त स्वयंपाक असण्याची शक्यता मोठी.

दुसरा, पंचतारांकित हॉटेलांतले प्रांतिक महोत्सव: काश्मिरी, चेट्टिनाड, आवधी. पाहुणा आचारी कोणत्या दिवसापर्यंत आहे ते फोनवर विचारा. तो गेल्यावरही पाटी तशीच असते. दुसरा किंवा तिसरा दिवस गाठा, तोवर मालमसाल्याची घडी बसलेली असते. बुफेत आधी ताट न घेता एक चक्कर मारा, सॅलड-पनीर-पास्ता सोडून द्या, महोत्सवाचे पदार्थ एकेक चमचा घ्या.

तिसरा, ॲपवरची टक्केवारीची सूट. इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. सूट मिळण्यासाठी बिल ॲपमधूनच भरायचं असतं. कार्ड काढून दिलंत की सूट गेली, मग व्यवस्थापकही काही करू शकत नाही. बसण्याआधी कॅप्टनला विचारा: आज ऑफर चालू आहे का, दारूवर लागते का, कमाल किती रुपये. शुक्रवार-शनिवार रात्री आणि सणाच्या दिवशी ती बऱ्याचदा बंद असते. आगाऊ टेबल बुकिंगची सूट आणि थेट जाऊन बिल भरण्याची सूट वेगवेगळी असते, जास्त असेल ती घ्या.

चौथा, एकावर एक फुकट. चव घेणाऱ्याला याचा उपयोग नाही, एकाच पदार्थाच्या दोन प्लेट येतात.

आता बिल. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के. खोलीचं दिवसाचं भाडं ₹७,५०० च्या वर जाणाऱ्या मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. 'बुफे ₹२,२०० अधिक कर' अशी जाहिरात असेल तर अशा हॉटेलात माणशी ₹२,५९६ होतात. त्यावर १० टक्के सेवा शुल्क लावलं तर करासकट ₹२,८५६ च्या आसपास. हे सेवा शुल्क द्यायलाच हवं असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला ते आपोआप बिलात लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते नियम योग्य ठरवले. शांतपणे 'सेवा शुल्क काढून बिल द्या' म्हणा. वाढप्याची सेवा आवडली असेल तर पैसे त्याच्या हातात द्या. काढलं नाही तर बिलाचा फोटो घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. बिलावर चौदा आकडी एफएसएसएआय (अन्न परवाना) क्रमांकही असायला हवा.

पोट सांभाळणं

अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये पडून राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात. त्यामुळे एकच कसोटी: समोर गरम होतंय, आणि रांग हलतेय. बिघडवतात ते बहुधा मुख्य पदार्थाच्या आजूबाजूचे: उघडी हिरवी चटणी, कापून ठेवलेला कांदा-काकडी, बर्फ, पाणीपुरीचं पाणी. नव्याने आलात तर पहिले दोन आठवडे हे चार टाळा. जुलाब झाले तर ओआरएसचं एक पूर्ण पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, बहुतेकदा एक लिटर, एकदम कालवा. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकू नका, क्षारांचं प्रमाण चुकतं. ताप आला, रक्त पडलं किंवा लहान मूल मलूल झालं तर थांबू नका, डॉक्टरकडे जा.